उष्ट्या बिया

मुकादमसर आता अबू धाबीच्या मुसफ्फात नाहीत. तरी मशिदीबाहेरच्या चपलांच्या रांगेवर कोणी वाकलेलं दिसलं, की मला क्षणभर तेच वाटतात. रबराची कुठलीही वस्तू त्यांना तशीच सोडवत नसे. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. ते नख चपलेच्या तळव्यात रुतवायचं, सोडायचं, खूण किती वेळात भरून येते ते बघायचं आणि निकाल द्यायचा. पार्किंगमधले टायर, लिफ्टच्या दाराची पट्टी, माझ्या मुलीच्या सायकलची मूठ, काही म्हणून त्यातून सुटलं नाही. एकदा एका पठाणाने आपल्या चपलेवर वाकलेला हा पांढऱ्या दाढीचा माणूस पाहिला आणि चोर समजून त्यांचा हातच धरला. सर शांतपणे म्हणाले, "भाई, इस में रबर कम है, चॉक ज्यादा है. दुकानदार ने तुमको ठगा है." पठाणाने हात सोडला आणि तो दुकानदाराला शिव्या घालत चालू लागला.

आमचा कारखाना रबराचे मॅट आणि गास्केट बनवतो. मी तिथे परचेस बघते. सर टेक्निकल मॅनेजर होते, म्हणजे रबरात काय आणि किती घालायचं ते ठरवणारे. नुसतं रबर महाग पडतं, म्हणून त्यात काजळी, खडूची भुकटी असं काहीतरी मिसळतात. सगळे त्याला फिलर म्हणतात. सर मात्र 'भर' म्हणायचे, आणि माणसांनाही त्याच मापाने मोजायचे. अरबाबचा, म्हणजे आमच्या मालकाचा, पुतण्या ऑफिसात महिनाभर खुर्ची उबवून गेला, तेव्हा सरांनी त्याला दोन शब्दांत निकालात काढलं: "निव्वळ भर." मी नोकरीला लागले तेव्हा माझ्यावरही असाच शेरा आला होता. "रबर आहे, पण अजून शिजलेलं नाही." मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

हट्टी होते. आपलं चुकलं असेल असं त्यांच्या डोक्यात सहजासहजी यायचंच नाही, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्यांचं चुकायचंही नाही. त्यामुळे कारखान्यात 'मुकादम बोला' म्हटलं की चर्चा संपायची. अरबाबही त्यापुढे जात नसे.

ते मूळचे राजापूरकडचे. घर आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीच्या पाठीमागे. मोसमात फॅक्टरी बाठे आणि सालं मागच्या बाजूला ओतायची, आणि त्या ढिगाचा आंबूस वास यांच्या कपड्यांना, वह्यांना, अंथरुणाला लागायचा. शाळेत पोरं या भावंडांना 'बाठेवाले' म्हणून चिडवायची. हे सांगताना सर हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्यांच्यासमोर 'वेस्ट' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "वेस्ट काय? माल म्हण. घेणारा भेटला नाय म्हणून तो वेस्ट."

एकदा पॅकिंगच्या जुन्या खोक्यांसाठी मी त्यांना घेऊन एका खजुराच्या फॅक्टरीत गेले होते. तिथे खजुरातल्या बिया मशीनने काढून त्याची पेस्ट करतात. मागच्या आवारात बियांची पोती छपरापर्यंत रचलेली. मी खोक्यांचा भाव करत होते आणि सर त्या पोत्यांसमोर उभे. परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाले, "मनीषा, ह्या बिया दळून खडूच्या जागी भर म्हणून घातल्या तर?"

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. त्याला कारणही होतं. साठी उलटलेली, व्हिसा वर्षावर्षाने वाढवून घ्यायचा, आणि दर वर्षी अरबाबचं तोंड बघायचं. अरबाबला ही बियांची कल्पना पसंत पडली, हल्ली 'ग्रीन' म्हटलं की माल उठतो. तो सरांना म्हणाला, "मुकादम, बीज वाला मॅट बनाओ. बनेगा तो तुम इधर. नहीं बनेगा तो इन्शाल्ला घर." अमीनाभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घरीच जायचं होतं. सरांना नव्हतं. मला एकदा म्हणाले, "सगळी हयात मी दुसऱ्यांच्या रेसिपी ढवळल्या. एक तरी माझ्या नावाची इथे ठेवतो, मग राजापूरला जाऊन मेलो तरी चालेल." त्यांना हवं होतं ते एवढंच, आणि ते मला पटत होतं.

खजुराच्या फॅक्टरीतून बियांचं सॅम्पल मिळवायचं तर हजार कागद लागत होते. सरांना धीर नव्हता. रमजान चालू होता. त्यांनी लेबर कॅम्पमध्ये बादल्या ठेवल्या. इफ्तारला शेकडो माणसं खजूर खायची आणि बिया त्यात टाकायची. सर त्या बादल्या उचलून कंपनीच्या बसमधून शाबियातल्या आपल्या फ्लॅटवर न्यायचे. आम्हीही शाबियातच राहतो, त्यामुळे ही मिरवणूक माझ्या मुलीने पाहिली. "मम्मा, व्हाय इज मुकादम अंकल कलेक्टिंग गार्बेज?" मी म्हटलं, गार्बेज म्हणू नको, ऐकतील.

भाभी त्या बिया बाल्कनीत जुन्या चादरीवर पसरायच्या. वाळल्या की सर लॅबमध्ये नेऊन ओव्हनमध्ये कोरड्या ठणठणीत करायचे, हातोडीने फोडायचे आणि परत आणून भाभींच्या मिक्सरात दळायचे. मिक्सरचं पातं गेलं. भाभींनी दोन दिवस आमटीत खोबऱ्याचं वाटप घातलं नाही, आणि सरांनी ती बिनवाटपाची आमटी मुकाट्याने खाल्ली.

पण ती भुकटी घालून रबराची शीट काय निघाली! तपकिरी, आत बारीक ठिपके, आणि नख रुतवलं की खूण लगेच भरून यायची. सरांनी अख्ख्या कारखान्याला तिच्यावर नख लावायला लावलं, चहावाल्यालासुद्धा. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिलं.

लगेच एका घोडेस्वारीच्या क्लबाची ऑर्डर आली. तबेल्यात घोड्यांच्या पायाखाली घालायचे मॅट. आता बिया थेट खजुराच्या फॅक्टरीतून आल्या, मशीनने काढलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या, पोत्यात भरलेल्या. मसाल्याच्या चक्कीवर त्या दळून घेतल्या. सर खुशीत होते. "ह्या बघ, ह्यांना कोणाचं तोंडसुद्धा लागलेलं नाय."

ऐन उन्हाळ्यात काम सुरू झालं. मिलवर रामसुरत होता. मिल म्हणजे दोन जाड लोखंडी रूळ, त्यांच्यामध्ये रबर आणि भर मळली जाते. रामसुरत बिहारमधल्या गोपालगंजकडचा, अबोल, आणि कामाला चोख. भर ओव्हनमध्ये सुकवायची, गार करून ठेवायची आणि मग मळायची, हे सगळं त्याच्याकडे. मळलेलं रबर गरम प्रेसमध्ये गेलं की प्रेस उघडताना गुळाच्या पोळीचा खमंग वास सुटायचा. सगळे हुंगत यायचे. मला तर भूक लागायची.

मॅट गेले. थोड्या दिवसांनी क्लबातून फोन आला की घोडे मॅट चाटतात. आम्ही पोट धरून हसलो. अरबाबने हा किस्सा आपल्या मजलिसमध्ये चारचौघांना सांगितला. सर म्हणाले, "घोडे काहीपण चाटतात." आणि पुढे काही दिवसांतच सगळे मॅट ट्रकमध्ये भरून परत आले. त्यांच्या पोटात फोड होते, टापांखाली ते फुटले होते आणि कडांचा भुगा झाला होता.

अरबाबने तो भुगा मुठीत घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

सरांनी एक मॅट कापला. आत भोकंच भोकं. "पाणी," ते म्हणाले. भर ओली असली की प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि रबर फुगतं, हे मलाही एव्हाना कळत होतं. म्हणजे भर सुकवली नव्हती. म्हणजे रामसुरत.

तो लॅबच्या दारात उभा राहिला. "साहब, मैंने सुखाया था."

"तो पानी क्या आसमान से आया?"

"साहब, मैंने सुखाया था."

सरांनी मान वर केली नाही. मुकादम बोला, म्हटल्यावर विषय संपला. रामसुरतचा व्हिसा कॅन्सल झाला, आणि एका सकाळी तो दोरीने बांधलेला खोका घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढला. कामचुकार म्हणून काढला, हे कॅम्पभर झालं, आणि कॅम्पमधून गावापर्यंत जायला असल्या बातमीला वेळ लागत नाही.

नवा माणूस आला. सर स्वतः ओव्हनपाशी खुर्ची टाकून बसले, आपल्या डोळ्यांसमोर भर सुकवून घेतली. तरी फोड आलेच. मग ओव्हन खराब निघाला, म्हणजे सर म्हणाले की तो खराब आहे. ओव्हन दुरुस्त केला. फोड आले. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, मग रामसुरतचं काय?"

"त्याने सुकवलं नव्हतं. हा वेगळा प्रॉब्लेम आहे."

मला त्यांचा राग आला. पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर पुढे बोलवलं नाही. त्यांना आतून कळलेलं होतं आणि ते कळू द्यायचं नव्हतं. अरबाबने काम थांबवलं. सर पोत्यांकडे बघत बसायचे. बी तीच, रबर तेच, ते शिजवणारं गंधक तेच, मग रमजानातली शीट तशी आणि ही अशी का? जेवण कमी झालं. साखर वाढली, कारण डायबेटिस जुना होता आणि काळजी नवी. लोकांच्या चपलांकडे त्यांचं लक्ष जाईनासं झालं.

बघता बघता पुढचा रमजान आला. भाभींनी आम्हाला एका संध्याकाळी इफ्तारला बोलावलं. अजान झाली, सरांनी रोजा सोडला. भाभी त्यांना खजूर मोजून द्यायच्या, तोही अर्धा. दारात कॅम्पमधून आलेली बियांची बादली होती, कोणीतरी आठवणीने पाठवलेली. ती बघून भाभींनी कपाळाला हात लावला.

"काय गो मनीषा, ह्यांना सांग तूच. परत हा पसारा? मग परत मीच त्या तीन तीन पाण्यांतून काढत बसायची."

सर पाणी पीत होते, ते थांबले. "कशाला काढायच्या?"

"मग? अख्ख्या कॅम्पच्या तोंडातल्या त्या, उष्ट्या! तशाच माझ्या मिक्सरात घालू? त्यात मी वाटप वाटते."

"धुतल्या होत्यास?"

"रात्री गरम पाण्यात भिजत घालत होते, सकाळी चोळचोळून आणखी दोन पाणी. पहिलं पाणी कसं यायचं, चिकट, सरबतासारखं. तुमी बघितलं काय कधी? तुमाला बाल्कनीत वाळलेल्या दिसल्या."

"मग फॅक्टरीच्या बिया का नाय..."

"त्या माझ्या घरात कुठे आल्या? आणि त्या कशाला धुवायच्या? त्या थोड्याच उष्ट्या होत्या!"

माझ्या नवऱ्याला यात हसण्यासारखं वाटलं आणि तो हसलाही. सर हसले नाहीत. फार हळू म्हणाले, "साखर." मग मला समजावल्यासारखं, पण खरं तर स्वतःलाच ऐकवत म्हणाले, "बीला खजुराचा गर चिकटलेला असतो. मशीनने काढली तरी असतो. ती साखर हवेतलं पाणी ओढते. सकाळी कोरडी केलेली भर संध्याकाळपर्यंत परत ओली. ह्या दमट आखाती उन्हाळ्यात तर झालंच. गुळाचा वास येत होता मनीषा. घोडे चाटत होते. आणि माझ्या रक्तात इतकी साखर की ही बाई मला अर्धा खजूर मोजून देते, तरी मला कळलं नाय."

भाभींना अजून नीट उलगडा झाला नव्हता. "म्हणजे माझं काय चुकलं काय?"

"तुझं नाय गो," सर म्हणाले. "त्याने सुकवलं होतं."

पुढे सगळं सरळ होतं, तेच वाईट. फॅक्टरीच्या बिया गरम पाण्यातून काढल्या, सुकवल्या, दळल्या, मळल्या. शीट पहिल्यासारखी उतरली. ना वास, ना फोड. अरबाबने सरांच्या पाठीवर थाप मारली. सर म्हणाले, "अरबाब, रामसुरत को वापस बुलाओ. उसकी गलती नहीं थी."

"खलास, मुकादम. नया आदमी अच्छा है."

"लेकिन सब लोग समझता है कि उसने..."

"समझने दो, हबीबी. क्लब वाला सुनेगा मुकादम को मालूम नहीं था, तो दुबारा माल लेगा? वो लोग मॅट देखने आएगा. पास करेगा, तो तुम्हारा व्हिसा. तब तक कोई बात नहीं करने का."

म्हणजे गप्प राहिलं तर व्हिसा आणि नावाची रेसिपी. बोललं तर राजापूर. मी त्यांना म्हटलं, "सर, क्लबचं होऊन जाऊ दे, मग बघू काय करायचं ते." मला खरंच वाटत होतं की तेच शहाणपणाचं आहे. ते म्हणाले, "मग बघू म्हणणारा माणूस कधी बघत नाय. मी स्वतःला ओळखतो." आणि त्यांनी कॅम्पमधून रामसुरतचा नंबर मिळवला. रोज लावायचे. लागायचा नाही, किंवा वाजून वाजून बंद व्हायचा. मला वाटे, उचलत नसेल. मी त्याच्या जागी असते तर मीही उचलला नसता.

एवढं सगळं ठरवूनही त्यांची झोप उडाली होती. भाभी सांगत होत्या, उठून बसतात, अंगठ्याचं नख चावतात. ते वाढवलेलं नख त्यांनी खरोखर चावून टाकलं होतं. माणूस भित्रा नव्हता, पण त्याने आयुष्यभरात 'माझं चुकलं' हे कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं, आणि या वयात ते शिकणं फार जड जातं. मला त्यांची दया यायची आणि लगेच रामसुरतचा तो खोका आठवायचा.

क्लबचे लोक आले ते जेवणाच्या सुट्टीत. एक इंग्रज ट्रेनर बाई आणि तिच्याबरोबर क्लबचा मॅनेजर. मिल बंद होती, पोरं पाण्याच्या कूलरपाशी डबे घेऊन बसली होती. अरबाबने आवारात सावलीत नवे मॅट अंथरले होते. बाई त्यावर टाच दाबून बघत होती, खुश दिसत होती. सर तिला बियांबद्दल सांगत होते, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. बोटिमचा, म्हणजे इंटरनेटवरून आलेला कॉल. त्यांनी स्क्रीन बघितली आणि ती माझ्याकडे वळवली. रामसुरत.

मी हातानेच खुणावलं, नंतर. अरबाबनेही भुवया वर केल्या. सर दोन पावलं बाजूला झाले आणि त्यांनी फोन उचलला. घाईत उचलताना स्पीकर लागला.

"साहब, रामसुरत बोल रहा हूँ. आपका बहुत मिसकॉल था. हम बाहर मजूरी पर थे, फोन घर पे रहता है."

"रामसुरत," सर म्हणाले, "तूने सुखाया था. मालूम पड़ गया. गलती मेरी थी."

पलीकडून एक "जी". मागे कुठलातरी पंप चालल्याचा आवाज.

"मैं व्हिसा के लिए..."

"साहब, वीजा छोड़िए. होगा तो होगा. इधर बाबूजी हमसे बात नहीं करते. सबको बोलते हैं, लड़का कामचोर निकला, परदेस से भगा दिया. आप एक बार उनको बोल दीजिए. बस एक बार. थोड़ा ऊँचा सुनते हैं."

त्या दिवसानंतर सरांच्या व्हिसाचं काय झालं हे लोक मला अजून विचारतात. वाढला नाही. मॅट पास झाले, विकले जातात, आणि त्यांची रेसिपी आता अरबाबच्या नावाची आहे. भाभी आणि सर राजापूरला गेले. निरोपाला मी एअरपोर्टवर गेले होते, पण तिथले सर मला आठवत नाहीत. मला आठवतात ते आवारातले, फोन तळहातावर धरून उभे असलेले.

पलीकडे फोन हातोहात गेल्याचा आवाज आला. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज. "के बोलत बा?"

"मैं मुकादम. अबू धाबी से. आपके बेटे की गलती नहीं थी."

"के कर गलती?"

"मेरी."

"सुनात नइखे! के कर?"

ट्रेनर बाई वळून बघायला लागली. अरबाब पुढे आला आणि त्याने दातांवर दात ठेवून "यल्ला मुकादम, बस" म्हटलं. कूलरपाशी पोरांचे घास हातातच राहिले. सरांनी डोळे मिटले आणि ओरडले.

"मेरी! गलती मेरी थी, बाबूजी! रामसुरत ने काम बराबर किया था! मेरी गलती!"

म्हाताऱ्याला आता ऐकू आलं. मग म्हणाला, "अच्छा. त तनी अउर जोर से बोलीं. इहाँ पड़ोस के लोग भी बइठल बा."

सरांनी फोन तोंडाशी नेला, छाती भरून श्वास घेतला, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगायला लागले.